रुद्रची लक्षणं

ओझरची मराठी शाळा जवळजवळ दोन वर्षांनी उघडणार होती, आणि त्या सकाळी सगळ्यात जास्त धांदल उडाली होती ती आशाची. तिचा रुद्र पहिलीत असताना करोना आला आणि शाळेला कुलूप लागलं. आता तो थेट तिसरीत बसणार होता. गणवेशाची चड्डी मात्र पहिलीतच राहिली होती. ती कशीबशी चढवून, नाकावर मास्क, खिशात सॅनिटायझर, दप्तरात जास्तीचा मास्क आणि तो हरवला तर अजून एक, असा सगळा जामानिमा करून आशा त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"मॅडमनी विचारलं, सतरा साते किती, तर काय सांगशील?"

"मॅडम आज पाढे विचारतील?" रुद्रचे डोळे मास्कच्या वर मोठे झाले.

"विचारणारच ना! वर्गात पहिला हायेस तू."

"मी?" रुद्रला ही बातमी नवीन होती.

आशा घाईघाईने सतराचा पाढा सुरू करणार होती. पण बाहेर गल्लीतली पोरं "शाळाऽ शाळाऽ" करत पळत सुटली होती, आणि रुद्रही तिच्या हातातून निसटून त्यांच्यामागे धावला.

झालं होतं असं. शाळा मोबाइलवर सुरू झाली तेव्हा रुद्र पहिले काही दिवस गुमान बसला. मग हळूच उठून क्रिकेट खेळायला जाऊ लागला. वर्गाची हजेरी चालू, फोन आशाच्या हातात. मॅडमनी "रुद्र?" म्हटलं की आशाचा जीव कासावीस व्हायचा. एकदा तिने आवाज बारीक करून "हजर, मॅडम!" म्हटलं, आणि ते खपलं. नेटवर्कचं निमित्त सांगून तिने कॅमेरा कायमचा बंद केला. मॅडमनी अवघड काही विचारलं, की "विमान चाललंय मॅडम, ऐकू येत नाय," असं सांगायची सोय विमानतळाशेजारच्या ओझरमध्ये होतीच.

पुढे गृहपाठ आला. मुलाचं अक्षर वाटावं म्हणून आशा डाव्या हाताने लिहायला लागली. सरावाने तिचं डावं अक्षर उजव्याहून देखणं झालं. कविता पाठ करून बारीक आवाजात मॅडमना पाठवायच्या, निबंधाखाली फुलं काढायची, आणि मग मॅडमचा "शाब्बास रुद्र! वर्गात पहिला!" असा मेसेज आला, की भाकरी थापता थापता स्वतःशीच हसायचं. नवरा कारखान्यातून आला की ती त्याला तो मेसेज दाखवायची. "आपलं पोरगं हुशार निघालं," असं तो म्हणायचा. आशा त्याला अजून एक भाकरी वाढायची.

तृप्ती मॅडमची या शाळेत बदली झाली तीच टाळेबंदीच्या काळात. नाशिकहून त्या फोनवरच शिकवायच्या. एकाही मुलाला त्यांनी समोरासमोर पाहिलं नव्हतं. त्यामुळे त्या सकाळी फाटकापाशी त्याही मुलांइतक्याच हरखून उभ्या होत्या. शेजारी मुख्याध्यापक कोंडाजी गुरुजी. गुरुजी नियमाचे पक्के. अंगणात त्यांनी चुन्याची वर्तुळं आखून घेतली होती आणि गळ्यात शिट्टीऐवजी ताप मोजायचं यंत्र अडकवलं होतं. क्रीडासाहित्याच्या खोलीत एक खाट टाकून दारावर 'विलगीकरण कक्ष' अशी पाटीही लावली होती.

"वर्तुळात! वर्तुळात उभं राहा!" गुरुजी ओरडत होते. मुलं एका वर्तुळातून दुसऱ्यात बेडकासारख्या उड्या मारत होती. इतक्या दिवसांनी मोकळं अंगण मिळालं होतं. गुरुजींचं कोण ऐकतंय!

वर्गात एका बाकावर एक मूल बसलं. तृप्ती मॅडमनी हजेरी घ्यायला सुरुवात केली.

"रुद्र?"

"हजर मॅडम!"

मॅडम दचकल्या. आवाज जाडाभरडा होता, पत्र्यावर खडी ओतल्यासारखा.

"रुद्र? अरे, घसा बसलाय का तुझा?"

"नाय मॅडम."

"आवाज किती बदललाय! बरं, ती पावसाची कविता म्हण बघू."

"कोणती?"

"अरे, परवाच तू मला पाठवलीस ना?"

"मी?" रुद्र म्हणाला.

मॅडमना वाटलं, पोरगं बुजलं असेल. त्यांनी त्याला फळ्यावर नाव लिहायला सांगितलं. रुद्रने खडू मुठीत धरला आणि जीव लावून नाव लिहिलं. 'रु' फळ्याच्या वरच्या टोकाला, 'द्र' खालच्या.

मॅडम फळ्याकडे बघतच राहिल्या. "सतरा साते?" त्यांनी हळूच विचारलं.

"सतरा साते..." रुद्रने खिडकीबाहेर पाहिलं. "विमान चाललंय मॅडम, ऐकू येत नाय."

आकाशात चिमणीसुद्धा नव्हती.

मॅडमनी हजेरीचं पुस्तक मिटलं. त्या तडक गुरुजींकडे गेल्या. "सर, रुद्रला करोना होऊन गेलाय किंवा आत्ता आहे! घसा बसलाय, खडू नीट धरता येत नाही, अक्षर पार बिघडलंय. पाठ असलेलं काही आठवत नाही. नसलेले आवाज ऐकू येतात! करोनानंतर असं विसरायला होतं म्हणे. माझ्या मैत्रिणीचे सासरे घरचा पत्ता विसरले होते."

गुरुजी गंभीर झाले. पण बांधलेला कक्ष वाया गेला नाही, याचं थोडं समाधानही त्यांच्या डोळ्यांत चमकून गेलं. त्यांनी लांबूनच रुद्रला बोटाने वाट दाखवत क्रीडासाहित्याच्या खोलीत नेलं. आत बॅटी होत्या, चेंडू होते, दोरीउड्यांच्या दोऱ्या होत्या. रुद्रने एकवार खोलीकडे, एकवार गुरुजींकडे पाहिलं. शाळा इतकी चांगली असते, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

"त्याच्या आईचं नाव काय?" गुरुजींनी विचारलं.

"आशा."

गुरुजींनी खिचडी शिजवणाऱ्या कुसाबाईंना हाक मारली. "कुसाबाई, पळत जा आणि आशाताईंना घेऊन या. म्हणावं, तिसरीतल्या रुद्रला लक्षणं दिसतायत. घाई करा!"

कुसाबाई पदर खोचून पळाल्या. आता आशाला गावात आशा म्हणणारं कोणी नव्हतंच, ती सगळ्यांची 'रुद्रची मम्मी'. आणि आशाताई म्हटलं की गावाला माहीत एकच, घरोघर फिरून औषधं वाटणाऱ्या, ताप मोजणाऱ्या आशा सेविका, नवसाबाई. कुसाबाई थेट त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. नवसाबाईंनी हातमोजे चढवले, तोंडापुढे प्लास्टिकची काच लावली, पेटी उचलली, आणि दोघी भर बाजारातून शाळेकडे धावत सुटल्या.

बाजाराने ते पाहिलं. पुढचं सांगायला नको.

आशा पोळ्या लाटत होती तेवढ्यात रुद्रच्या वर्गातल्या वैष्णवीच्या मम्मीचा फोन आला. "अगं, नवसाबाई शाळेत पळाल्या! काच लावून! तिसरीतलाच पोरगा हे म्हणतेत!"

"अगं बाई! काय होतंय त्याला?"

"लय वंगाळ. आवाज गेलाय, अक्षर गेलंय, डोक्यातलं सगळं गेलंय."

"अक्षर गेलंय?" आशाने विचारलं, आणि लाटणं हातात तसंच राहिलं. कोणता आजार अक्षरावर जातो, हे उभ्या ओझरमध्ये तिला एकटीलाच ठाऊक होतं. गॅस बंद करून, लाटणं घेऊनच ती धावली.

शाळेच्या अंगणात तोवर तिसरीच्या सगळ्या आया जमल्या होत्या. सगळ्या एकदम बोलत होत्या. गुरुजी हात पसरून ओरडत होते, "अंतर ठेवा! वर्तुळात उभं राहून भांडा!" आणि सवय नसताना बायका निमूट मुलांच्या वर्तुळांत जाऊन उभ्या राहिल्या, आणि भांडू लागल्या.

नवसाबाई रुद्रला तपासून बाहेर आल्या. "ताप नाय, ऑक्सिजन झकास हे. पोरगं आत दोरीउड्या मारून ऱ्हायलंय. मला तर धडधाकट दिसतंय."

"अहो, पण आवाज ऐका ना त्याचा!" तृप्ती मॅडम रडकुंडीला आल्या होत्या. "काल संध्याकाळपर्यंत किती गोड आवाज होता!"

"मग स्वॅब घेऊन पाठवते. बाकी तुम्ही ठरवा."

गुरुजींनी खाकरून घोषणा केली. "नियम म्हणजे नियम. अहवाल येईपर्यंत तिसरीचा वर्ग बंद. उद्यापासून परत मोबाइलवर!"

वर्गाच्या खिडकीत मुलांचे चेहरे दाटले होते. "परत मोबाइल?" एक पोरगा म्हणाला. वैष्णवीने नवं कोरं दप्तर छातीशी धरलं आणि भोकाड पसरलं. तिचं पाहून दुसरी, मग तिसरी. बघता बघता सगळा वर्ग रडायला लागला. शाळा बंद होते म्हणून पोरं रडतात, हे गुरुजी सबंध नोकरीत पहिल्यांदाच पाहत होते.

आशाने ते पाहिलं आणि तिच्याने राहवेना. ती वर्तुळातून पुढे आली.

"गुरुजी, वर्ग बंद करू नका. रुद्रला कायसुद्धा झालेलं नाय. त्याचा आवाज असाच हे."

"असं कसं?" मॅडम म्हणाल्या. "मग मी इतके दिवस ऐकला तो आवाज कोणाचा?"

आशाने मान खाली घातली, डोळे मिटले आणि बारीक आवाज काढला, "हजर, मॅडम!"

"रुद्र!" तृप्ती मॅडमच्या तोंडून आनंदाने निघून गेलं. मग त्यांनीच तोंडावर हात ठेवला.

आशाचा चेहरा लालबुंद झाला होता, पण आता थांबून उपयोग नव्हता. लाटणं कुसाबाईंच्या हातात देऊन तिने गुरुजींकडून खडू मागून घेतला, डाव्या हातात धरला आणि सूचनाफलकावर टपोऱ्या, गोल अक्षरांत लिहिलं, 'माझी शाळा'. सवयीने शेजारी एक फूलही काढलं.

"हेच ते अक्षर," मॅडम पुटपुटल्या. "हेच ते फूल."

"चुकलं मॅडम," आशा म्हणाली. "पहिल्यांदा सहजच केलं. मग तुम्ही शाब्बास म्हटलात. मला कधी कोणी शाब्बास म्हटलेलं नव्हतं हो. मग सोडवेना."

गुरुजी गरजले, "हा शिक्षणाचा खेळखंडोबा आहे! बाकीच्या आयांकडून काही शिका जरा!"

बाकीच्या आया मात्र एकाएकी आपापल्या वर्तुळाचा चुना न्याहाळू लागल्या होत्या.

तृप्ती मॅडमच्या ते लक्षात आलं. त्या सावकाश म्हणाल्या, "वैष्णवीचं अक्षरही आज वेगळंच दिसलं. मला वाटलं, थंडीने बोटं आखडली असतील."

"मी फक्त चित्रं काढायचे," वैष्णवीची मम्मी घाईघाईने म्हणाली. "आणि निबंध. आणि गणितं."

"आमच्यात पाढे यांचे पप्पा म्हणायचे," मागच्या वर्तुळातून कोणीतरी कबूल केलं.

"मी परीक्षा दिली फक्त," अजून एक आवाज आला.

मॅडम मटकन पायरीवर बसल्या. "म्हणजे इतके दिवस मी शिकवलं तरी कोणाला?"

"आम्हाला, मॅडम," सगळी वर्तुळं एका सुरात म्हणाली.

गुरुजींनी खिशातलं परिपत्रक काढून उलटसुलट वाचलं. आई हुशार निघाल्यास काय करावे, याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. त्यांनी ते पुन्हा खिशात घातलं आणि जाहीर केलं, "या लक्षणांना विलगीकरण लागत नाही. वर्ग चालू!"

खिडकीतून असा काही आरडाओरडा उठला, की नवसाबाईंनी पेटी खाली ठेवून कानांवर हात दाबले. फक्त रुद्र तेवढा नाराज झाला. बरा आहेस असं सांगितल्यावरही तो कक्षातून निघेना. शेवटी गुरुजींनी एक चेंडू हातात दिला तेव्हा कुठे तो वर्गात गेला. मॅडमनी फळा पुसला आणि पहिल्यापासून, अगदी अ आ इ ई पासून सुरुवात केली. मुलं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. आवाज जाड होते, घोगरे होते, एक तर चक्क फाटका होता, पण सगळे खरे होते.

पहिला दिवस म्हणून शाळा दुपारीच सुटली. आया मुलांना न्यायला आल्या. मुलं हात धरून ओढत होती, तरी एकही आई फाटकाबाहेर पडेना. एकमेकींना कोपराने ढोसणं चाललं होतं. अखेर आशा पुढे झाली.

"मॅडम, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचारा."

"तुम्ही त्या दिवशी गोष्ट सांगत होतात, हरवलेल्या शेळीची. म्हातारी कंदील घेऊन डोंगरात गेली, तिला झाडीत दोन डोळे दिसले, आणि तुमचं नेटवर्क गेलं. ते डोळे शेळीचेच होते ना?"

"आम्ही दोघी-तिघी त्यावर किती बोललो," वैष्णवीची मम्मी म्हणाली. "मी म्हणते, बिबट्या असणार."

तृप्ती मॅडम सकाळपासून रागवायचं ठरवून बसल्या होत्या. त्यांनी समोर पाहिलं. मास्कच्या वरचे ते सगळे डोळे त्यांच्याकडेच लागले होते. इतक्या दिवसांत आपला वर्ग त्यांना आज पहिल्यांदा दिसत होता.

"वर्तुळात बसा," त्या म्हणाल्या.

बायका पटापट वर्तुळांत मांड्या घालून बसल्या. मॅडम पायरीवर बसल्या, मास्क नीट केला आणि आवाज खाली आणून सांगू लागल्या, "तर म्हातारीने कंदील वर धरला..."

फाटकापाशी रुद्र दप्तर पाठीला लावून उभा होता. चड्डी काचत होती, पोटात कावळे ओरडत होते. शेवटी न राहवून त्याने त्या खडीसारख्या आवाजात हाक मारली, "मम्मीऽ, चल ना घरी! शाळा सुटली!"

"तुझी सुटली," आशा मागे न बघता म्हणाली. "माझी चालू हे. तिथं गप बस."