फायबरची खुंटी

होल्गरने नारिंगी टोकाची खुंटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "ही बाहेरच्या भिंतीपाशी जिथं ठोकाल, तिथून फोन-इंटरनेटची फायबर तार आत येणार. आतल्या बाजूला फोन जोडायचा डबा बसणार. बोला, कुठं हवाय?"

"मला कुठंही चालेल," अल्विना म्हणाली.

"मलाही कुठंही," तिचा नवरा रूने म्हणाला.

होल्गरने सुस्कारा सोडला. वार्मलांडच्या त्या खोऱ्यात यायला कुठलीच कंपनी तयार नव्हती, म्हणून गावाने मंडळ काढून स्वतःच चर खणायला घेतला होता. होल्गर त्या मंडळाचा अध्यक्ष होता आणि भाड्याने आणलेलं खोदायचं यंत्रही तोच चालवत होता. चर खणणं सोपं होतं. कठीण होतं ते लोकांच्या तोंडून जागा वदवून घेणं. आपल्याला काय हवं ते आधी सांगायचं म्हणजे पाहुण्यांदेखत ताटातला मोठा तुकडा उचलण्यासारखंच होतं. त्यामुळे घरोघर त्याला 'कुठंही' हेच उत्तर मिळत होतं.

"नीट ऐका," तो म्हणाला. "ओल नको. चुलीला चिकटून नको. शेजारी प्लग हवा. आणि तार आत काचेची असते, काटकोनात वळवली की मेलीच. जमीन गोठली तर मी खणू शकत नाही, मग थेट वसंतात. आणि जुनी तांब्याची तार तर नाताळच्या आधीच बंद होतेय. मग फोन नाही की काही नाही. उद्यापर्यंत ठोकून ठेवा."

कॉफी संपवून तो गेला. खुंटी टेबलावर राहिली आणि दोघं तिच्याकडे बघत बसली.

अल्विनाच्या मनात पहिला विचार आला तो बहिणीचा. तिची थोरली बहीण माइकेन दूर गोटलंड बेटावर राहायची आणि तिची नजर पूर्ण गेली होती. रोज सकाळी अल्विना फोनवरून तिला त्या दिवसाची प्रार्थना वाचून दाखवायची, मग दोघी मिळून एक भजन म्हणायच्या, आणि त्यानंतरच अल्विना कॉफीला तोंड लावायची. हा नेम आजवर तापातही मोडला नव्हता. मोबाइलला रेंज यायची ती फक्त लाकडांच्या ढिगावर चढल्यावर, आणि या वयात बर्फात ढिगावर उभं राहून देवाचं नाव घेणं तिला झेपण्यासारखं नव्हतं. जमीन गोठायच्या आत फायबर आलं नाही तर वसंतापर्यंत माइकेन एकटी.

पण डबा स्वयंपाकघरात मागायचा कसा? रूने कधी चर्चची पायरी चढत नसे. अल्विनाने पुस्तक उघडलं, की तो न बोलता वरच्या मजल्यावर निघून जायचा. 'बिचारा इतकी वर्षं सकाळी सकाळी माझ्या आवाजाने घराबाहेर काढल्यासारखा होतो,' असं तिला वाटे. तेव्हा डबा मागच्या कोठीच्या खोलीत बसावा, म्हणजे आपला नेमही होईल आणि त्याला शांतताही मिळेल, असं तिने ठरवलं. संध्याकाळी रूने बकेट घेऊन विहिरीकडे वळला, तशी तिने घाईघाईने मागच्या भिंतीपाशी खुंटी ठोकली.

रूने वर का जायचा, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. वर जुन्या फोनचा दुसरा रिसीव्हर होता. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याने तो चुकून उचलला होता, आणि तेव्हापासून रोज सकाळी पायमोजे घालून, हाताने रिसीव्हरचं तोंड गच्च दाबून, तो दोघी बहिणींचं वाचन पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा. सांगायची सोय नव्हती. ऐन उमेदीत तो चार लोकांत म्हणून बसला होता, की देव वगैरे बायकांच्या गप्पा. आता नव्या डब्याला वरचा रिसीव्हर जोडता येणार नव्हता, हे त्याने होल्गरला आडून आडून विचारून घेतलं होतं. डबा स्वयंपाकघरात बसला तर वरच्या खोलीत फळ्यांच्या फटीतून निदान आवाज तरी येईल. कोठीच्या खोलीत गेला, की संपलं.

रात्री त्याचा डोळा लागला नाही. पहाटे उठून त्याने खुंटी उपटली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ठोकली.

"खुंटी हललेली दिसतेय," नाश्त्याच्या वेळी अल्विना हळूच म्हणाली.

"एल्क हरीण असेल. रात्री येतात बागेत."

"हो, यंदा फार झालेत."

दुपारी खुंटी पुन्हा मागे गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढे आली.

"पुन्हा एल्क," रूने म्हणाला.

"बघ ना. उपटतात ते उपटतात, वर ठोकूनही ठेवतात," अल्विना म्हणाली, आणि दोघांनी मान खाली घालून पावाला लोणी लावलं.

होल्गर रोज यंत्र घेऊन शेजारच्या शेतातून चर आणत होता. रोज त्याला खुंटी नव्या जागी दिसत होती. यंत्रातून उतरून 'काय चाललंय तुमचं?' असं विचारणं त्याच्याने होण्यातलं नव्हतं. त्याने घरी जाऊन बायकोला सांगितलं, "स्वेआ, रूने आणि अल्विनाचं काही खरं नाही. एक पुढे ठोकतो, एक मागे ठोकते. घराची वाटणी चाललीय."

दुसऱ्याच दिवशी स्वेआ दालचिनीचे बन घेऊन हजर. अल्विनाचा हात हातात घेऊन म्हणाली, "अगं, आमची वरची खोली रिकामीच असते. कधीही ये. कितीही दिवस राहा. मी एका शब्दाने विचारणार नाही."

"बरं," अल्विना गोंधळून म्हणाली.

त्याच सुमारास होल्गर लाकडांच्या ढिगाआड रूनेला सांगत होता, "गॅरेजवर माझी एक खोली आहे. स्टोव्ह आहे. पुरुषाला कधी कधी लागते जागा."

"कशाला?"

"असंच."

रात्री बन खाताना दोघांनी एकमेकांना हे सांगितलं.

"तुलाही बोलावलं? मलाही वरची खोली देऊ केली स्वेआने," अल्विना म्हणाली.

"मुलं शहरात गेल्यापासून घर खायला उठत असेल त्यांना."

"बिचारी. रविवारी कॉफीला बोलावू या दोघांना."

चर एव्हाना कुंपणापर्यंत आला होता. रात्री गवतावर हिम पडायला लागलं होतं, आणि सकाळी कुदळ मारली की खण्ण वाजत होतं. उद्या खणणार, असा होल्गरचा निरोप आला. त्या रात्री अल्विना कुशीवर कुशी बदलत राहिली. रूने तर जिन्यावरून चार वेळा पाणी प्यायला उतरला.

उजाडायच्या आत ती शाल घेऊन बाहेर पडली. खिडकीखाली कुणीतरी वाकलेलं होतं.

"रूने?"

तो दचकून सरळ झाला. खुंटी हातात होती.

"मी मांजर बघत होतो."

"मी पण."

मांजर घरात स्टोव्हपाशी झोपलेलं होतं, हे दोघांना माहीत होतं.

"ही घे," रूने खुंटी पुढे करत म्हणाला. "तुला हवी तिथं लाव."

"नाही, नाही, तूच लाव. तुझ्या मनाप्रमाणे."

"माझं मन कसलं? मला कुठंही चालेल."

"मलाही."

थंडीने दोघांचे दात वाजायला लागले. अंगणाच्या पलीकडे पाव भाजायची जुनी खोली होती. वर्षातून एकदा नाताळचे पाव करायला तिची भट्टी पेटायची. रूनेने खुंटी त्या खोलीच्या भिंतीला टेकवून ठेवली. "आधी कॉफी घेऊ. मग ठरवू."

पण अल्विनाचा फोनचा नेम व्हायचा होता, त्यामुळे कॉफीला वेळ होता, आणि रूनेला वर जायचं होतं. तेवढ्यात होल्गर आला. त्याने स्वयंपाकघराची खिडकी बघितली, तिथं खुंटी नाही. मागची भिंत बघितली, नाही. मग त्याला ती भट्टीच्या खोलीपाशी दिसली, आणि त्याचे डोळे भरून आले. 'ना त्याच्या बाजूला, ना तिच्या. शहाणी माणसं आहेत. भांडण अंगणात नेऊन मिटवलं.' त्याने यंत्र वळवलं.

यंत्राची घरघर ऐकून अल्विना खिडकीशी आली. चर भट्टीच्या खोलीकडे चालला होता. 'रूनेनेच सांगितलं असणार,' ती मनाशी म्हणाली. 'घरात नकोच झालाय माझा आवाज.' तिने शालीचं टोक डोळ्यांना लावलं आणि पुस्तकाकडे वळली.

वरच्या खिडकीतून रूनेही तेच बघत होता. 'नुसती टेकवलेली खुंटी बघून होल्गर खणेल कसा? तिनेच सांगितलं. बहिणींना आपलं बोलणं अंगणापलीकडे न्यायचंय. कुणी ऐकू नये म्हणून.' त्याने खिडकी लावून घेतली आणि रिसीव्हर उचलला.

पुढच्या आठवड्यात तार आली, भट्टीच्या खोलीत पांढरा डबा बसला, त्याला नवा फोन जोडला. बसवायला आलेल्या माणसाने दोनदा विचारलं, "इथंच ना नक्की?"

"उत्तम जागा आहे," अल्विना म्हणाली.

"याहून चांगली नाही," रूने म्हणाला.

त्याच रात्री जमीन दगडासारखी गोठली.

जुनी तार बंद झाली त्या सकाळी अल्विना कंदील, पुस्तक आणि शाल घेऊन अंगण ओलांडून गेली. भट्टी पेटवली. रूनेने वर सवयीने रिसीव्हर कानाला लावला. नुसती पोकळी. त्याने तो ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. खिडकीपाशी गेला, जिन्यापाशी गेला, परत खिडकीपाशी आला. भट्टीच्या धुराड्यातून धूर निघाला होता. म्हणजे वाचन सुरू झालं असणार. तो खाली उतरला, बूट चढवले आणि लाकडांचा भारा उचलला.

"थंडी आहे. म्हटलं लाकडं लागतील," दार ढकलत तो म्हणाला.

अल्विनाने वाचता वाचता मान हलवली. तो लाकडं रचून, रेंगाळून, बाहेर पडला. पानभर वाचून होत नाही तोच दुसरा भारा आला. मग तिसरा. आता भट्टीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती.

"माइकेन, एक मिनिट थांब हं," अल्विनाने पुस्तकात बोट ठेवलं. "रूने, इतका त्रास होत होता माझ्या वाचण्याचा, तर सांगायचं होतंस. डबा अंगणात कशाला काढलास?"

"मी? मी काढला? तू काढलास!"

"मी कशाला काढीन? मला तर तो कोठीच्या खोलीत हवा होता. तुला शांतता मिळावी म्हणून."

"शांतता कुणाला हवीय?" रूने ओरडला. मग त्याने टोपी काढली, ती हातात फिरवली आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "मी वरच्या फोनवर ऐकायचो. रोज. किती वर्षं झाली, आता आठवत पण नाही."

भट्टीत एक लाकूड तडतडलं. अल्विनाने बाकावर सरकून जागा केली. तो बसला. नव्या फोनवर आवाज मोठा करायचं बटण होतं, ते तिने दाबलं.

"कोण आहे गं तिथं?" माइकेनचा आवाज खोलीभर झाला.

"कुणी नाही. चल, भजन म्हणू या."

तिने सुरुवात केली, पलीकडून माइकेनने सूर धरला. आणि इतकी वर्षं रिसीव्हरचं तोंड दाबून बसलेला रूने आज मोकळ्या गळ्याने, डोळे मिटून, पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गायला लागला. दोन कडवी झाली.

"अल्विना," माइकेन मध्येच थांबली. "या नव्या तारेत काहीतरी बिघाड आहे गं. मागून सारखी घरघर येतेय."

"बिघाड नाही, माइकेन. रूने गातोय."

"होल्गरला विचारून बघ," माइकेन म्हणाली. "जुनी तार परत जोडता येते का."