भर नदीतली परीक्षा

बेनत्रे गावच्या खोईला एका गोष्टीचा भारी अभिमान. माणूस ओळखावा तर आपणच!

"चहा पाजून भागीदार कळत नाही," तो बायकोला, ह्वाला, म्हणाला. "संकटात टाकायचा! मग खरं मन कढईतल्या नारळाच्या दुधासारखं भसकन वर येतं."

ह्वा नारळाच्या वड्या कागदात गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "मागचे दोन भागीदारही तुम्हीच पारखले होतेत. एक मोठी कढई घेऊन पळाला, दुसरा आपला आचारी घेऊन!"

"म्हणून तर या वेळी पद्धत बदलली!"

भागीदार मात्र खरोखरच हवा होता. नारळ इतके महागले होते की त्यांच्या वड्यांच्या कारखान्यातल्या चारपैकी तीन चुली थंड! पलीकडच्या तीरावर क्वेनताईंच्या मैलभर बागा. त्यांचे नारळ मिळाले तर कारखाना तरणार, नाहीतर दाराला टाळं. पण बाई भित्र्या की खंबीर, हे आधी कळायला नको?

बेत सोपा होता. कारखाना दाखवायला बाईंना होडीतून आणायचं. भर नदीत इंजिन बंद पाडायचं, त्याचा स्पार्क प्लग काढून मुठीत लपवायचा, पाव तास बाईंचा चेहरा वाचायचा, मग प्लग परत बसवायचा. संकट कसं चोख हवं! म्हणून खोईनं वल्हं घरी ठेवलं, जादा प्लग घरी ठेवला, मोबाइलही घरीच ठेवला. सोबत घेतला फक्त वड्यांचा डबा, पाहुणीसाठी.

"प्लग गरम असतो हो," ह्वा मागून ओरडली. ऐकतो कोण?

भर नदीत त्यानं हळूच पेट्रोलची तोटी बंद केली. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

"अरेरे! बिघाड!" खोईनं कपाळाला हात लावला, पान्यानं प्लग काढला, गुपचूप मुठीत घेतला आणि...

"आई गं!"

मूठ उघडली. डुबुक!

"काय पडलं?" क्वेनताईंनी विचारलं.

"काही नाही. मासा असेल."

पण त्याचा चेहरा माशासारखाच झाला होता. ओहोटी लागलेली. होडी गुमान समुद्राच्या दिशेनं निघाली. बाईंनी डबा उघडला, एक वडी तोंडात टाकली. "चव छान! शेंगदाणे कमी पडलेत."

"शेंगदाणे?" खोई ताडकन उभा राहिला. "आपण मरतोय इथं! सगळं तुमच्यामुळं! वेळेवर आला असतात तर ओहोटी लागली नसती!"

तो उठला तशी होडी कलली, घागरभर पाणी आत आलं आणि डुलत डुलत ती एका गाळाच्या बेटाला जाऊन टेकली. "जमीन!" म्हणत खोईनं उडी मारली. कमरेपर्यंत आत! बाईंनी गळ्यातला चौकड्यांचा पंचा फेकला आणि मुळा उपटावा तसा त्याला वर ओढला.

"खोईदादा, बसा. ओरडून गाळ सरकत नाही. घरचा नंबर सांगा."

खोईला बायकोचा नंबर पाठ नव्हता! मग बाईंनी डब्यावर छापलेला वाचला आणि आपल्या मोबाइलवरून लावला.

"हॅलो, वड्यांचा कारखाना का? तुमचे मालक गाळात गेलेत. नाही हो, धंद्याचं नाही म्हणत, खराखुरा गाळ!"

अर्ध्या तासात शेजाऱ्याची होडी घेऊन ह्वा हजर. एका हातात वल्हं, दुसऱ्या हातात प्लग. पहिलंच वाक्य: "पाडलात ना पाण्यात? सांगितलं नव्हतं, गरम असतो म्हणून?"

क्वेनताईंची भुवई वर गेली. "म्हणजे हे मुद्दाम?"

ह्वानं सगळं सांगून टाकलं. खोईला वाटलं, बुडाला कारखाना! पण बाई पोट धरून हसायला लागल्या. त्याच्या जिवात जीव आला.

"ताई, तुम्ही परीक्षेत पहिल्या आलात! मग आपली भागीदारी..."

"तुमच्याशी? छे हो!" बाई ह्वाकडे वळल्या. "लग्नाला किती वर्षं झाली गं?"

"एकवीस."

"एकवीस वर्षं ह्यांच्याबरोबर! मग तुझं मन आणखी काय पारखायचं? परवापासून नारळ पाठवते. करार तुझ्या नावानं."

दोघी पुढच्या होडीत बसून भाव ठरवू लागल्या. मागं दोरीला बांधलेल्या होडीतून खोई ओरडला, "अगं, करारात मी कोण?"

"आधी पाणी उपसा!" ह्वा म्हणाली.