आधी विचारा, मग टिपा

अप्पा सोहनी देवाला विचारल्याशिवाय देवळाचा फोटो काढत नाहीत. विचारतात म्हणजे मनातल्या मनात हात जोडून नव्हे, रीतसर कौल लावून. रत्नागिरीकडे ही रीत आहे. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास रोखून बघत राहतात. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मुलीचं लग्न, कलमांची बाग, भावाशी चाललेला दावा, असल्या गोष्टींसाठी लोक कौल लावतात. दीपमाळेचा फोटो काढू का, हे विचारायला कौल लावणारे एकटे अप्पाच.

दर रविवारी सकाळी आम्ही पाच-सहाजण कॅमेरे घेऊन जवळपासच्या आळ्यांमधली देवळं टिपत फिरतो. ही फेरी अप्पांनीच सुरू केली आणि ती फार पुढे सरकू नये याची काळजीही तेच घेतात. मोजणी खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस अंगात शिकाऱ्यासारखं खिशाखिशांचं जाकीट घालतो. एका खिशात लेन्स पुसायचं फडकं असतं, बाकीच्यांत सुपारी. कुणी देवळासमोर नुसता मोबाइल वर केला की मागून आवाज येतो, "आधी विचारा, मग टिपा!"

मारुतीच्या देवळात कौलाची रीतच नाही. तिथे अप्पांनी स्वतः पाकळ्या चिकटवल्या. शेंदूर ओला असावा. पाकळ्या काही पडेनात. कोवळं ऊन गेलं, कडक आलं. आमच्यातल्या शुभदाताईंचे यजमान कंटाळून बाजारात गेले, बांगडे घेऊन परत आले, तरी मारुती गप्प.

"देव विचार करतोय," अप्पा म्हणाले.

"अप्पा, त्यात विचार कसला? निम्म्या रिक्षांवर त्याचाच फोटो आहे!" शुभदाताई म्हणाल्या.

"त्यांनी विचारलं नसेल. म्हणून तर ठोकतात."

बरं, परवानगी मिळाली की धडाधड फोटो काढतील, तर तेही नाही. एकदा विचारलं, एकदाच टिपायचं. त्या एकुलत्या एका फोटोत चिऱ्याच्या पायऱ्या असतात, मागे कळस असतो आणि कोपऱ्यात, थोडासा धूसर, अप्पांचा अंगठा. ग्रुपवर तो आला की आम्ही सगळे नमस्काराचे हात पाठवतो. मी एकदा खाली लिहिलं, 'अंगठ्याचा कौल घेतला होता का?' खूप हशा झाला. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, मोबाइलवर मात्र मी भलताच धीट असतो. हे स्वतःबद्दल लिहिणं बरं वाटत नाही, पण आहे ते असं आहे.

श्रावणातल्या एका रविवारी खालच्या आळीतल्या देवीच्या देवळात अप्पांनी नेहमीप्रमाणे कौल लावायला घेतला. बाकीचे बाहेर चपला घालून तयार. मी सभामंडपात खांबाआड उभा राहून गुपचूप त्यांचा व्हिडीओ काढला. डोळे मिटलेले, ओठ हलतायत, जाकिटाचे खिसे फुगलेले. 'परवानगी कचेरी उघडली आहे' असं वर लिहून तिथूनच ग्रुपवर सोडला.

घरी आल्यावर तो आवाजासकट ऐकला. अप्पा फोटोबद्दल बोलतच नव्हते. "आई, सुहास यंदा चतुर्थीला घरी येईल काय? एवढंच सांग." सुहास म्हणजे त्यांचा मुलगा. तो पुण्याला असतो एवढंच मला ठाऊक होतं. व्हिडीओत पाकळी पडली ती डावीकडची. आणि दत्ताराम गुरवाचा आवाज स्पष्ट आला, "उजवा दिलान हो अप्पानू!"

गुरवानं म्हाताऱ्याचं मन राखलं होतं, आणि मी त्याच म्हाताऱ्यावर लोकांना हसवत होतो. घाईघाईनं व्हिडीओ काढून टाकला. तोवर खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली होती.

संध्याकाळी अप्पांचा फोन.

"शुभदा म्हणत होती, तुम्ही मला टिपलंत."

"हो अप्पा. चुकलं माझं."

"न विचारता."

"हो."

"ते असो. त्यात पाकळी दिसत्ये का? मी डोळे मिटून घेतले होते. बघायचा धीर झाला नाही. दत्ताराम उजवी म्हणतो, पण तो भला माणूस आहे. भल्या माणसाचं काय खरं धरायचं?"

मी म्हटलं, "उजवीकडचीच पडली अप्पा. मी स्वतः पाहिली."

पलीकडे सुपारी कातरल्याचा आवाज आला.

"उजवीकडची म्हणजे कुणाच्या उजवीकडची? तुमच्या की देवीच्या?"

"म्हणजे?"

"अहो घाटावरचे, देवी आपल्याकडे तोंड करून बसल्ये! तिचा उजवा खांदा तुमच्या डाव्या हाताला येतो. तुमच्या उजवीकडची पडली असेल तर ती तिची डावी." आवाज एकदम खाली आला. "म्हणजे दत्ताराम खोटं बोललान."

इतकी वर्षं या गावात राहून, दर रविवारी त्या देवीसमोर उभं राहून, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"अप्पा, दत्ताराम खरं बोलला. पाकळी माझ्या डावीकडची पडली. खोटं मी बोललो."

"का?"

"मला वाटलं, देवी नाही म्हणाली."

आता शिव्या बसणार म्हणून मी फोन कानापासून लांब धरला.

"म्हणजे हो म्हणाली," अप्पा सावकाश म्हणाले. "नक्की?"

"नक्की. देवीच्या उजवीकडची."

त्यांनी फोन ठेवला नाही.

"एक काम कराल? सुहासला फोन करा. म्हणावं, अप्पा विचारतायत, चतुर्थीला येतोस काय?"

"तुम्हीच करा की. तुमचा आवाज ऐकून त्यालाही बरं..."

"माझा नंबर दिसला की तो उचलत नाही."

मी काही बोलायच्या आत ते नंबर सांगू लागले. पाठ होता. एकेक आकडा सावकाश, मला लिहून घ्यायला वेळ मिळावा म्हणून मधे थांबत.