अण्णांचा लंगोट-कारखाना

आमच्या मुलीचं तोंड बघायला आलेल्या माणसांत तिच्या तोंडाकडे अजिबात न बघणारा माणूस एकच निघाला. आमच्याच मजल्यावरचे एकोजीअण्णा. दार उघडलं तर समोर सत्तरीचे गृहस्थ, मिशा थेट कल्ल्यांना भिडलेल्या, गळ्यात शिंप्याची टेप. ना अभिनंदन, ना 'कुणावर गेलीय'. सरळ पाळण्याशी गेले, दुपटं बाजूला केलं आणि मला म्हणाले, "मांडीचा घेर किती?"

मी बावचळून म्हटलं, "कुणाच्या?"

"तुझा घेऊन काय करू, तम्मा? मगूचा!"

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, मगू म्हणजे मूल. अण्णांचं घराणं बेंगळुरात किती पिढ्या आहे हे त्यांनाही नक्की ठाऊक नाही. कुठल्याशा सरदाराच्या फौजेबरोबर आलो म्हणतात, आणि असं म्हणतात की जणू सामान अजून पुरतं सोडायचं राहिलंय. त्यांच्या मराठीत दर चौथा शब्द कन्नड. मी आणि मृणाल सांगलीहून पुण्यामार्गे इथे हेब्बाळला नोकरीसाठी आलेलो, त्यामुळे आमच्या मराठीत दर चौथा शब्द इंग्रजी. तरी आमचं जमलं, कारण बोलायचं काम तेच करायचे.

त्या दिवशी त्यांनी मुक्ताच्या मांड्या मोजल्या, कंबर मोजली, मग कोपऱ्यात रचलेल्या डायपरच्या पाकिटांकडे बघितलं.

"हे संपल्यावर?"

"नवीन आणायचे."

"आणि वापरलेले?"

"कचऱ्यात."

अण्णांनी डोळे मिटले. "महिनाभर राबायचं, पगार आणायचा, मगूच्या ढुंगणाला बांधायचा आणि कचऱ्यात टाकायचा. बेडा!"

बेडा म्हणजे नको. अण्णांना ओळखायचं तर हा एक शब्द पुरे. लिफ्टमधल्या संगीताला बेडा. हॉटेलातून येणाऱ्या प्लास्टिकच्या चमच्याला बेडा. डॉक्टरांनी लोणचं बंद करायला सांगितलं, तर डॉक्टरांनाच बेडा. नुसतं नाही म्हणणं वेगळं. अण्णांचा बेडा म्हणजे पाय रोवून उभं राहणं होतं.

दोन दिवसांनी ते परत आले. एका हातात लंगोट, दुसऱ्या हातात प्लास्टिकची बाहुली आणि तांब्याभर पाणी. बाहुलीच्या डोक्याला भोक पाडलेलं. तिला लंगोट नेसवून त्यांनी तिला आमच्या सोफ्यावर बसवलं आणि डोक्यातून पाणी ओतायला सुरुवात केली. मृणाल ओरडली, "अण्णा, सोफा!"

"स्वल्प थांब, अम्मा. सोफ्याला काही होणार नाही."

सोफ्याला व्हायचं ते झालं. डाव्या मांडीकडून पाणी आलं आणि कापसाच्या गादीत गेलं. मी फडकं आणायला धावलो. अण्णा मात्र वाकून बाहुलीची मांडी तपासत होते. "लीकेज," ते गंभीरपणे म्हणाले. "एक लक्षात ठेव. लीकेज ही मगूची चूक नव्हे. डिझाइनची चूक." आणि बाहुली काखोटीला मारून निघून गेले.

हा माणूस वेडा नव्हता. पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत त्यांची शेड होती, आणि उभा जन्म त्यांनी तिथे ऑइल सील बनवले होते. मशीनच्या फिरत्या दांड्याभोवती बसणारी ती रबरी कडी, तेल बाहेर येऊ न देणारी. "आयुष्यभर तेल अडवलं," ते म्हणायचे, "आणि हे अडणार नाही?" चौथ्या खेपेला त्यांनी लंगोटाच्या मांडीकडच्या कडेला दुहेरी दुमड दिली आणि आत मऊ इलॅस्टिक घातलं. या दुमडीला ते 'ओठ' म्हणत. "ओठ मऊ पाहिजे. घट्ट सील दांडा कापतं, घट्ट लंगोट मांडी कापतो. नियम एकच." त्या खेपेला बाहुली कोरडी राहिली. मुक्ताही राहिली. डायपरची पाकिटं आणणं आम्ही हळूहळू बंद केलं. महिनाअखेरीला बँकेचा मेसेज आला की पूर्वी मी तो न उघडताच ठेवायचो; आता उघडायला लागलो.

अण्णा शिलाई घेत नसत. फक्त कापड मागत, आणि तेही जुनंच. "नवीन कापड मऊ मिळत नाही. माणसाच्या अंगावर झिजून ते मऊ होतं." त्यासाठी त्यांची नजर सतत लोकांच्या अंगावर असे. माझा कॉलेजपासूनचा एक सदरा होता, घरात घालायचा. एका सकाळी त्यांनी त्याची बाही दोन बोटांत चोळली आणि म्हणाले, "पिकलाय. काढ." मी काढला. आठवड्यानं मुक्ता तो नेसून पाय झाडत होती. खालच्या मजल्यावरच्या एका तान्ह्या मुलाच्या ढुंगणावर 'वार्षिक स्नेहसंमेलन' अशी अक्षरं होती. सहाव्या मजल्यावर जुळी झाली तेव्हा अण्णांनी दोन दिवसांत अख्ख्या इमारतीची जुने पंचे नि लुंग्या गोळा केल्या.

एकदा मात्र मृणालनं हट्ट धरला. बाळासाठी एक तरी छान वस्तू विकत घेऊ या. आम्ही इंदिरानगरच्या एका मोठ्या दुकानात निघालो, तर अण्णा गाडीत बसलेलेच. "मी गाडीतच थांबतो," म्हणाले. आम्ही वरच्या मजल्यावर पोचायच्या आत ते तिथे होते, आणि एका विक्रेत्या मुलीची उलटतपासणी चालू होती.

"हे काय?"

"सर, न्यूबॉर्नचे शूज."

"याला चालता येतं?"

"नाही सर, शून्य ते तीन महिने."

"मग बूट कशाला? इंटरव्ह्यू आहे?"

मुलगी हसू दाबत पुढच्या वस्तूकडे वळली. बाळाला पुसायचे ओले कागद गरम करायचं एक यंत्र होतं. अण्णांनी ते सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. "सरी, ठीक आहे. म्हणजे पुसायचं कापड गरम करायला मशीन." मग दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात, "आणि गरम पाण्यात फडकं बुडवून पिळायला हात कुठल्या काउंटरवर मिळतात?" तिथे आलेली एक पोटुशी बाई हातातलं तसलंच खोकं हळूच परत ठेवताना मी पाहिली. आम्ही रिकाम्या हातांनी बाहेर पडलो. मृणाल हेब्बाळचा पूल येईपर्यंत फुगून बसली होती. पूल चढताना मात्र तिला 'इंटरव्ह्यू' आठवला आणि ती खो-खो हसत सुटली.

लोक त्यांना कंजूष म्हणत. शेड भाड्यानं दिलेली, फ्लॅट स्वतःचा, मुलगी हुबळीला सुखात. मग हा म्हातारा दिवसभर चिंध्या का शिवतो? घरात बायको होती, सरोजाअक्का. त्या आजारी असतात, पडूनच असतात, एवढं मजल्याला माहीत होतं. त्यापुढे कुणी विचारलं नाही, आणि अण्णांनी विचारू दिलं नाही. दारात उभे राहून बोलत, तेही दार मागे ओढून घेऊन.

लढाई झाली ती गच्चीवर. अण्णांनी तिथे दोरी बांधली होती आणि दिवसभर तिच्यावर लंगोट फडफडत. त्यांचं म्हणणं, लंगोटाला ऊन हवंच, घरातल्या पंख्याखाली वाळलेला लंगोट आतून ओलाच राहतो. पण आमच्या असोसिएशनला गच्चीवर कुंड्या, बाकं आणि दिवे लावून पार्ट्यांची जागा करायची होती. लिफ्टमध्ये नोटीस लागली, की गच्चीवर कपडे वाळत घालू नयेत. अण्णांनी ती चष्मा लावून वाचली, म्हणाले, "इंग्लिश चांगलं आहे," आणि बादली घेऊन वर गेले.

कुणीतरी दोरी कापली. अण्णांनी जाड दोरी बांधली. तीही कापली गेली. तेव्हा ते पीण्याला जाऊन पोलादी तार घेऊन आले आणि दोन्ही टोकांना बोल्ट मारून ती अशी ताणली की बोट लावलं तर वाजायची. "आता काप म्हणावं," ते सेक्रेटरींच्या खिडकीकडे तोंड करून म्हणाले.

प्रकरण मीटिंगला गेलं. मीटिंगच्या दिवशी दुपारी मी मुक्ताचे लंगोट काढायला गच्चीवर गेलो. एव्हाना तारा दोन झाल्या होत्या. पुढच्या तारेवर सगळ्या इमारतीतल्या पोरांचे चिमुकले लंगोट, रंगीबेरंगी. मागच्या तारेवर पांढरी मोठी कापडं. ती मी आजवर उशांचे अभ्रे समजत होतो. त्या दिवशी वारा होता. त्यातलं एक सुटून माझ्या अंगावर आलं. मी ते घडी करायला गेलो आणि माझ्या बोटांना कडेची दुहेरी दुमड लागली. तोच ओठ, आत तेच मऊ इलॅस्टिक. फक्त माप मोठ्या माणसाचं.

मागे अण्णा उभे होते. त्यांनी कापड माझ्या हातातून घेतलं, नीट घडी केली.

"सरोजाचे," ते म्हणाले.

मी सुटू पाहणाऱ्या दुसऱ्या कापडाला चिमटा लावला.

"अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून. बाजारातले आणले आधी. पाठ सोलून निघाली तिची. नर्स म्हणाली, अशा पेशंटचं असं होतंच. होतंच म्हणजे काय?" त्यांचा आवाज चढला. "डिझाइन नको बघायला? शेड भाड्यानं दिली, शिवणयंत्र घेतलं आणि बसलो." थोडा वेळ ते तारेवरचे चिमटे उगाच सरळ करत राहिले. "तिला फार लाज वाटायची, तम्मा. लोक गच्चीवर बघतील म्हणून. म्हटलं, पुढे पोरांचे असले की मागे कोण बघतंय."

संध्याकाळी तळघरात, गाड्या बाजूला घेऊन, खुर्च्या मांडल्या होत्या. सेक्रेटरी तसे सभ्य गृहस्थ. त्यांनी आधी नियम वाचला, मग म्हणाले, "अण्णा, तुम्हाला काय कमी आहे? ड्रायर घ्या ना. थोड्या पैशांसाठी सगळ्या बिल्डिंगची शोभा का घालवता?"

मागून कुणीतरी म्हणालं, "सुटत नाहीत हो पैसे." हशा पिकला.

माझ्यानं राहवलं नाही. मी उठलो. "एक मिनिट. तुम्हाला माहीत नाही, अण्णा हे कशासाठी—"

"बेडा!"

एवढ्या जोरात त्यांनी तो शब्द याआधी कधी उच्चारला नव्हता. तळघर घुमलं. मी बसलो. अण्णा उठले, मिशीवरून हात फिरवला.

"मी कंजूष आहे," ते म्हणाले. "लिहून घ्या. महाकंजूष. पैसे सुटत नाहीत मला. पण तार काढणार नाही. ऊन काय असोसिएशनचं आहे? मेंटेनन्समध्ये येतं? दंड लावा, देईन. पाणी तोडा, विहिरीचं आणीन. तार राहणार." आणि खाली बसले.

एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. ते वाक्य त्यांनी उच्चारलं नाही, मलाही उच्चारू दिलं नाही. लोक हसत होते आणि ते ताठ मानेनं हसू अंगावर घेत होते.

मग मृणाल उठली. दुपारचं मी तिला घरी सांगितलं होतं. काखेत मुक्ता, खांद्यावर फडकं. "तारेवरचे निम्मे कपडे माझ्या मुलीचे आहेत," ती म्हणाली. "अण्णांना दंड लावायचा तर मलाही लावा. मी उद्याही घालणार आहे."

"आमचेही आहेत," जुळ्यांची आई म्हणाली. आणखी दोघी उठल्या. शेवटी उठली सेक्रेटरींचीच सून, आठवा महिना लागलेली. ती सासऱ्यांकडे न बघता म्हणाली, "अण्णांनी माझं कापड कालच कापून ठेवलंय."

सेक्रेटरी पाणी प्यायले. मग ठरलं की गच्चीचा टाकीमागचा कोपरा कपड्यांना द्यायचा. पार्टीच्या पाहुण्यांना तो दिसत नाही. ऊन तिथेही येतं. दिसत नाही हे ऐकून अण्णांचा चेहरा किती सैल झाला, ते फक्त आम्हा दोघांना कळलं. वरवर ते कुरकुरलेच. "कोपरा देतात! सरी. बघू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला घरी बोलावलं. दार पहिल्यांदाच पूर्ण उघडं होतं. आतल्या खोलीत खिडकीशी सरोजाअक्का टेकून बसल्या होत्या. केस विंचरलेले, अंगाला पावडरीचा वास, कपाळावर ठसठशीत कुंकू. मृणालनं मुक्ताला त्यांच्या शेजारी ठेवलं. अक्कांचा उजवा हात चालत नव्हता. डावा त्यांनी हळूहळू आणून मुक्ताच्या पोटावर ठेवला. मुक्तानं त्यांचं बोट धरलं.

"कॉफी आणतो," असं म्हणून अण्णा स्वयंपाकघरात गेले आणि भांड्यांचा आवाज सुरू झाला.

अक्का बोलायला लागल्या. शब्द जड येत होते, एकेक करून.

"मला सांगतो... पोरांसाठी शिवतो. कापड उरलं... म्हणून तुझा शिवला. नेहमी उरतंच." त्या थांबल्या, दम घेतला. तोंडाच्या एका बाजूनं हसल्या. "इतकं कधी... उरतं का?"

मृणालनं मान खाली घातली.

स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला आणि अण्णा कन्नडमध्ये गॅसला काहीतरी बोलले. अक्कांनी तिकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"त्याला सांगू नका हं," त्या म्हणाल्या. "मला कळतं म्हणून."