न्हाणीतला पाचवा दिवा

"घर माजं, वायर माजी! ती कुटनं कुटं जाते ते मीच शोदणार!" गिरणीतल्या जॉबरकीतून, म्हणजे मुकादमीतून, नुकतेच निवृत्त झालेले बिरप्पा गरजले.

न्हाणीत नवा दिवा बसवायला आलेला चांदसाब वायरमन हिरमुसला. "अण्णा, आदी जुनी वायर बगू द्या की! त्याबिगर नवी कुटं जोडू?"

पण बिरप्पांना संशय! वायरीच्या निमित्तानं हा घरातल्या ट्रंका हेरणार! शेवटी ठरलं, की चांदसाबनं ओसरीवर उभं राहून एकेक फ्यूज काढायचा आणि कुठला दिवा विझला ते बिरप्पांनी आतून ओरडून सांगायचं.

"माजघरातला गेला!"

"सैपाकघरातला बी गेला!"

भिंतीपलीकडे शेजारच्या सोजरबाईंच्या हातून सूप गळालं. कालच बिरप्पांचे चार मेव्हणे अक्कलकोटहून आले होते. ते सकाळीच बाजारात गेलेत, हे त्यांना कुठलं ठाऊक!

"देवघरातला गेला! आता एकच ऱ्हायलाय! गेला, त्यो बी गेला!" मग वायरीवरची लाकडी पट्टी उचकटल्याचा आवाज, आणि, "अरं देवा, हितं उंदीर मरून पडलाय!"

"पिलेग!" सोजरबाई किंचाळल्या. घटकाभरात सगळी गल्ली गाठोडी बांधू लागली!

नाकाला रुमाल लावून म्युनिसिपालटीचे आरोग्य इन्स्पेक्टर दारात हजर झाले. हे वीज कंपनीचेच हेर, बिरप्पांनी ओळखलं. विचारलं तेवढंच सांगायचं!

"किती गेले?"

"चारी."

"अरेरे! आणि कळवलं नाहीत?"

"त्यात काय कळवायचं? पाचवा येतोय की, न्हाणीत!"

"गेलेले आहेत कुठं?"

"कुटं जातील? जागच्या जागी लटकतायत!"

इन्स्पेक्टर दोन पायऱ्या मागं सरकले. तेवढ्यात चारी मेव्हणे कलिंगडं घेऊन गल्लीत शिरले. त्यांना बघून सोजरबाई जागच्या जागी आडव्या!

मग उलगडा झाला. इन्स्पेक्टर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. बिरप्पांनाही चेव आला. "आणि ह्यो बगा आमची वायर कुरतडणारा चोर!" म्हणत त्यांनी मेलेला उंदीर शेपटीला धरून साहेबांच्या नाकासमोर नाचवला.

साहेबांचं हसू थांबलं. "घर रिकामं करा!"

"अवो, त्यो करंट लागून मेलाय!"

"उंदराचा काय भरवसा? चुना मारल्याशिवाय आत पाऊल ठेवायचं नाही!"

आठव्या दिवशी चांदसाब धावत कुंभारीच्या माळावर, बिरप्पांनी टाकलेल्या झोपडीपाशी आला. "अण्णा, चुना मारणाऱ्यांसंगं आत शिरलो, न्हाणीतला दिवा लागला! लई झ्याक उजेड पडतोय!"

बिरप्पा तेव्हा झोपडीमागं, भर उन्हात, दगडावर बसून अंगावर तांब्या ओतत होते, आणि कुणी बघतंय का म्हणून चारी दिशांना संशयानं पाहत होते.