ओल्या सुतळीची माटवी

"त्या गाठी माझ्या आहेत!" मी ओरडले.

"आई, हळू बोल," नितेश म्हणाला. "दरवाजा उघडा आहे."

"उघडाच राहू दे! ऐकू दे मजल्याला. ही गणपतीवरची माटवी मी बांधलीय. एकूणएक गाठ माझी."

"अगं, सकाळी माझ्या डोळ्यांसमोर श्रुतिकाच्या आईंनी बांधली ना! मी स्टूल धरून उभा होतो."

"असशील. जन्मभर स्टूलच धरत आलायस तू."

"काकी, जाऊ द्या ना," शेजारची दर्शना म्हणाली. ती मोदकाचा साचा मागायला आली होती. साचा केव्हाच हातात पडला होता, पण पाय निघत नव्हता. (मी तिच्या जागी असते तर मीही हलले नसते. फुकटचं भांडण आणि वर पंख्याचा वारा.)

"आई," नितेशने आवाज एकदम मऊ केला, डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तसा. "दुसऱ्याच्या कामाला आपलं नाव लावायचं, हा तुझा स्वभाव नव्हता गं कधी."

तेव्हा माझ्या कानशिलातून जाळ निघाला. माझा मुलगा मलाच चोर म्हणत होता, आणि तेही माझ्याच मालाचा. आणि जिच्यापायी हे सगळं, ती माझी विहीण अनुपमाबाई सोफ्याच्या टोकाला बसून चहाच्या कपात असं बघत होती, जसं काही त्यात तळ शोधायचाय.

थांबा. इथवर गाडी कशी आली ते सांगते, नाहीतर तुम्हीही नितेशच्या बाजूचे व्हाल.

मी शाळेत म्हणाल तर चौथीच्या उंबऱ्यापर्यंत. वाचायला शिकले ती वाण्याच्या पुड्यांवर. साखरेची पुडी सोडली की दोरा गुंडाळून डब्यात टाकायचा आणि कागद डोळ्यांपुढे धरायचा. त्यामुळे माझ्याकडे अर्धवट बातम्यांचं ज्ञान भरपूर आहे आणि दोरे त्याहून भरपूर. बिस्किटांच्या त्या डब्यात आजही सगळं आहे: सुतळी, काथ्या, नायलॉन, मिठाईच्या खोक्याची सोनेरी फीत, हाराच्या पुडीचा दोरा. लोकांना वाटतं दोरी म्हणजे दोरी. डोंबल! कपड्यांना नायलॉन, कारण ती पाणी पीत नाही. पण नायलॉन गुळगुळीत, एक वेढा जास्त घातला नाही तर गाठ घसरते. रद्दीला सुतळी. पावसाळ्यात खिडकीवर ताडपत्री बांधायला काथ्या. तो हात सोलतो, पण वाऱ्याला दाद देत नाही. आमच्या दिंडोशीच्या कॉलनीत कुणाची गादी टेम्पोवर चढायची असली की हाक यायची, "काकी, जरा या ना." मी यायचे. कमरेला पदर खोचून, डबा काखेत मारून, डॉक्टरने बॅग घेऊन यावं तशी.

मग आमच्या विहीणबाई आल्या.

बोरिवलीची त्यांची बिल्डिंग पाडायला घेतली, आणि भाड्याची जागा गणपतीनंतर मिळणार होती. श्रुतिका, म्हणजे माझी सून, म्हणाली, "आई, थोडे दिवस माझी आई येऊ दे?" मी म्हटलं, येऊ दे की. घर काय माझ्या एकटीचं आहे? (आहे. पण असं बोलायचं नसतं.)

अनुपमाबाई शाळेत हस्तकला शिकवायच्या. रिटायर झाल्या, पण बोटं झाली नाहीत. आल्या त्या दिवशीच बाल्कनीतली कपड्यांची दोरी लोंबते म्हणून त्यांनी ती सोडली आणि पुन्हा बांधली. तारेसारखी ताठ. धोंडिराम, म्हणजे आमचे हे, मिलमध्ये आयुष्य काढलेला माणूस, कधी कुणाला बरं म्हणणार नाही, ते खाली उभं राहून मान वर करून म्हणाले, "झकास!" लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्या वाट्याला एक 'झकास' आलं नाही. सुरमईच्या कालवणालासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तोंडलीच्या वेलाला हात. मी मनात म्हटलं, आता बाई चुकणार. वेलाला नायलॉन बांधणार, कोवळा देठ कापला जाणार, आणि मी शांतपणे दोन शब्द बोलणार. शब्दसुद्धा तयार ठेवले होते. तर बाईंनी जुन्या परकराच्या मऊ चिंध्या फाडल्या आणि वेल ग्रिलला असा सैल बांधला, जसं बाळाला झबलं घालावं. चूक सापडेना. माझ्या दृष्टीने हीच त्यांची सगळ्यात मोठी चूक होती.

त्यात नितेशचं वागणं. मी 'ए आई', त्या 'अहो आई'. 'अहो आई, तुम्ही बसा.' 'ए आई, चष्मा बघ ना माझा कुठाय.'

आणि एका सकाळी दर्शना दारात. हातात दोरीचं बंडल. मी डबा घेऊन उठलेच. तर ती माझ्या खांद्यावरून आत डोकावत म्हणाली, "काकी, त्या आहेत का?"

त्या! मी तशीच डबा घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि डब्यात बिस्किटं शोधत असल्याचं नाटक केलं.

तरीही मी गप्प होते. कारण माटवी होती.

कोकणातल्या माणसाला माटवी सांगायला नको. बाकीच्यांनी ऐका. गणपतीच्या डोक्यावर छताला लाकडी चौकट टांगायची आणि त्या दिवसांत रानात, परसात जे पिकतं ते सगळं तिला बांधायचं. तवसं, म्हणजे हाताएवढी मोठी काकडी. शहाळं. कवंडळ, ते लालभडक रानफळ. सुपारीचा अख्खा घोस. आंब्याचे टाळे म्हणजे डहाळ्या, तेरडा, हरणाची पिवळी फुलं. ओझं सगळं वर आणि देव खाली, म्हणजे गाठ बांधणाऱ्यावर किती भरवसा बघा! आमच्या घरात माटवी मी बांधते. गॅस सुनेच्या हातात गेला, बँक मुलाच्या मोबाईलमध्ये गेली, टीव्हीचा रिमोट ह्यांच्या मांडीखाली गेला. माझ्या हातात या घरातलं म्हणावं असं एवढंच उरलं होतं, वर्षातून एकदा.

हरतालिकेच्या सकाळी नितेश म्हणाला, "आई, तुझी बोटं दुखतात हल्ली. या वर्षी आईंना बांधू दे माटवी."

मी म्हटलं, "बांधू दे की."

कुठल्याही शहाण्या माणसाला कळेल, की 'बांधू दे की' याचा अर्थ 'हात लावून तर बघा' असा असतो. कुणाला कळलं नाही. बाईंनी नायलॉन काढली, फळं ओवल्यासारखी टांगली आणि श्रुतिकाबरोबर पत्री आणायला मालाडच्या बाजारात गेल्या. नितेश मखराचे लाइट आणायला गेला. घरात मी, माटवी आणि पेंगणारे आमचे हे.

मी वर बघितलं. हिरव्यागार तेरड्यात निळी नायलॉन! देवाच्या डोक्यावर मासळी पकडायचं जाळं टाकल्यासारखं दिसत होतं. हे मी हेव्याने म्हणत नाही. (तेव्हा हेव्याने म्हणत होते. आता नुसती म्हणतेय.)

कात्री घेतली आणि चढले स्टुलावर.

"अगो, काय करतंस?" ह्यांनी एक डोळा उघडला.

"कोळिष्टकं काढते. झोपा."

सगळं उतरवलं आणि सुतळी घेतली. पण सुतळी कडक, बोटं त्याहून कडक. गाठ आवळेना. आणि बाजारातून त्या दोघी कधीही परततील. तेव्हा मला गावची आठवण झाली. गावी माटवी केवणीच्या दोराने बांधतात. केवण म्हणजे रानातलं झुडूप, त्याची साल सोलायची, ओली असताना बांधायची, आणि सुकली की गाठ अशी आवळते की दाताने सुटत नाही. मी विचार केला, सुतळी म्हणजे तरी काय? तागाची सालच ती! केवण साल, ताग साल. साल ती साल. बादलीत टाकली सुतळी. लोण्यासारखी मऊ झाली. सरसर गाठी मारल्या.

आता खरं सांगते. ओली सुतळी पाणी पिऊन फुगते आणि सुकली की ढिली पडते, हे मला माहीत होतं. दर्शनाला हे मीच शिकवलंय, तिच्या कपड्यांची सुतळी उन्हात लोंबायची तेव्हा. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात माझं डोकं नव्हतंच, तिथे विहीणबाई बसल्या होत्या. वर आणखी एक शहाणपणा केला: पाणी ठिबकताना दिसू नये म्हणून पंखा पाचवर ठेवला.

संध्याकाळी सगळे जमले. नितेशने मखराचे लाइट लावले, मान वर केली आणि म्हणाला, "वा! अहो आई, काय सुरेख दिसतेय हो! सकाळी एवढी नव्हती वाटली."

बघा! सकाळी एवढी नव्हती वाटली. हे माझ्या सुतळीचं कौतुक होतं, आणि जात कुठे होतं?

अनुपमाबाईंनी वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "माझं काही नाही हो त्यात."

"किती साध्या आहेत ना!" दर्शना म्हणाली.

"आईचं असंच असतं," श्रुतिका म्हणाली. "कधी स्वतःकडे घेणार नाही."

अरे, विहीण खरं बोलतेय! पण खरं बोलूनसुद्धा ती बाई पुन्हा जिंकली. माटवीचंही कौतुक, वर नम्रपणाचंही. मी कोपऱ्यात निरंजनाच्या वाती वळत बसले होते, त्या वातींची सुंभं झाली. आमचे हे त्याच वेळी नेमके बोलले, "गेल्या वर्षीच्यापेक्षा बरी आसा." गेल्या वर्षीची कुणी बांधली होती? मीच! आणि बरीवालीही मीच! माझ्याच हाताने मला हरवलं होतं, आणि बक्षीस तिसरीच घेऊन चालली होती.

तेव्हा मी उठले आणि ते पहिलं वाक्य ओरडले. पुढचं तुम्ही ऐकलंत.

"पुरावा पाहिजे ना?" मी नितेशला म्हटलं. "नायलॉन दिसते का तुला कुठे? डोळे फाडून बघ. सुतळी आहे. माझी!"

"मला काय कळतं त्यातलं? दोरी ती दोरी."

हे ऐकलंत? माझ्या पोटचा पोरगा! दोरी ती दोरी!

"मग गाठ ओढून बघ. अशी गाठ बारा गावांत कुणी मारून दाखवावी."

"आई, उपवास आहे तुझा. बस खाली."

"उपवास पोटाचा आहे, हाताचा नाही!" मी स्टूल ओढलं आणि चढले. तवशाला दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. जागचं हललं नाही. "बघितलंत?" मी सगळ्यांकडे बघून म्हटलं. दर्शनाकडे जरा जास्त वेळ बघितलं. अनुपमाबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काळजी दिसली, आणि मला कोण आनंद झाला. मी आणखी एकदा ओढलं. आनंदात माणसाला जोर येतो.

गाठ सुटली असं मी म्हणणार नाही. गाठीने आपणहून अंग सोडलं. तवसं माझ्या हातात आलं. मग एक माणूस उठला की पंगत उठते, तसं बाकीचं उठलं. शहाळं धाडकन चौरंगावर. (चौरंग रिकामा होता. स्वारी दुसऱ्या दिवशी येणार होती. देवाला कुठे कधी जावं ते बरोबर कळतं.) कवंडळं टीव्हीखाली घरंगळली. सुपारीचा घोस आमच्या ह्यांच्या गळ्यात, सत्काराला बसल्यासारखा, आणि बशीतला चहा लेंग्यावर.

"अगो, माका आदी उठूक तरी सांगायचा!" हे किंचाळले.

पंखा तेवढा पाचवर फिरत होता. मी स्टुलावर, कुशीत तवसं. बाळंतिणीसारखी.

नितेशने वर बघितलं. खाली बघितलं. अर्धा तास घसा फोडून जे पटवत होते, ते पोराला आता एका क्षणात पटायला लागलं होतं.

"म्हणजे..." तो म्हणाला. "आई. तू खरंच ती सोडून परत बांधलीस?"

मी तवसं आणखी घट्ट धरलं.

"कुणाच्या डोक्यात पडलं असतं तर? बाबा खाली बसलेत! आणि का? सांग ना, का?"

का! सगळे माझ्याकडे बघत होते. श्रुतिकाचे डोळे एवढे मोठे झाले होते. दर्शनाने साचा छातीशी धरला होता. उद्या कॉलनीत मोदकांआधी ही बातमी वाटली जाणार हे मला दिसत होतं. पुढच्या वर्षी मला कुणी केळीचं पानसुद्धा बांधायला देणार नव्हतं. अर्धवट बातम्यांचं सगळं ज्ञान धुंडाळलं, कामाचं एक वाक्य सापडलं नाही.

अनुपमाबाई उठल्या. वाकून त्यांनी जमिनीवरचा सुतळीचा तुकडा उचलला आणि दोन बोटांत चोळला. मग माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर पोरींचं वाकडं शिवण तपासलेली नजर ती, तिच्यापासून काय लपणार? तुकडा त्यांनी मुठीत मिटला, माझ्या हातातलं तवसं हळूच काढून घेतलं आणि मला स्टुलावरून उतरायला हात दिला. मी तो घेतला. (घेतला नसता तर मीही कवंडळांच्या मागून गेले असते.)

आणि मग जावयाकडे वळून, अगदी साध्या आवाजात, त्या एवढंच म्हणाल्या:

"काहीतरीच काय नितेशराव, विहीणबाईंनी बांधलेली माटवी कधी पडेल का?"