छप्पर समिती आणि टिटवीची चार अंडी

एका जंगलात एक म्हातारं कासव होतं, आणि सगळा दोष त्याचा होता.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं, मुलांनो. नाहीतर गोष्ट संपत आली की कोणी ना कोणी खाकरत उठतं आणि म्हणतं, "दोष तसा कोणाचाच नव्हता हो, परिस्थितीच तशी होती." परिस्थितीला चार पाय आणि पाठीवर ढाल नसते. कासवाला होती. त्याला सगळे आबा म्हणत.

त्या जंगलात एक उबवणघर होतं. माणसांनी कधीतरी बांधलेली आणि कंटाळून सोडून दिलेली चौकी. चार भिंती, वर मंगलोरी कौलं. ज्या पाखरांना झाडावर घरटं जमत नाही, ती आतल्या गार जमिनीवर अंडी घालत.

छपराची निगा वानर राखायचा. शिमगा झाला की तो वर चढे आणि एकेक कौल बोटाने वाजवून बघे. टणटणीत वाजलं तर ठेवी, भद्द वाजलं तर बदली. चार दिवसांचं काम. छप्पर कधी गळलं नाही, त्यामुळे वानराकडे कधी कोणाचं लक्षही गेलं नाही.

त्या वर्षी एका तरण्या टिटवीने उबवणघरात कोपरा धरून ठेवला होता. आदल्या वर्षी तिने माळावर, उघड्यावर चार अंडी घातली होती. गव्यांचा कळप पाण्याला निघाला, तो त्यांच्यावरून गेला. कळपाचे म्होरके गवाकाका नंतर म्हणाले, "दिसली नाहीत गं." झालं, विषय संपला. काकांच्या बाजूने संपला.

टिटवीने ठरवलं, यंदाची चार छपराखाली. यंदाची जगली पाहिजेत. तिची मागणी एवढीच होती. आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपणारी तिची जात. तिने एकदा आभाळाऐवजी छप्पर मागितलं, तर काय बिघडलं?

पण पौषात आबांना प्रगती सुचली.

"तीच ती लाल कौलं किती दिवस बघायची?" ते म्हणाले. "पलीकडच्या जंगलाने काय म्हणावं आपल्याला?"

पलीकडचं जंगल काहीच म्हणत नव्हतं. तरी समिती नेमली गेली. आबा अध्यक्ष झाले, कारण ते सगळ्यांत म्हातारे. एकाच तळ्यात शंभर वर्षं बसून राहिलं की जंगलात त्याला शंभर वर्षांचा अनुभव म्हणतात. दुसरी सदस्य मगरआत्या. त्या पाण्यात राहत. तिसरे गवाकाका. उबवणघराच्या दारातून त्यांचं फक्त नाक आत जाई.

म्हणजे बघा, एकाला छप्पर जन्मापासून होतं, एकीला नकोच होतं आणि एक छपराखाली मावत नव्हता. अशी ती छप्पर समिती.

वानराने तीन नमुने आणून ठेवले. गवताची पेंढी, एक कौल, आणि नदीपलीकडच्या बंद पडलेल्या खडीच्या कारखान्यातला एक पत्रा.

गवत गवाकाकांनी तपासलं. पहिल्या बैठकीत अर्धी पेंढी तपासली. दुसऱ्या बैठकीत उरलेली.

"गवत टिकत नाही," त्यांनी ढेकर देऊन अभिप्राय दिला.

मग कौल आलं. आबांनी मान बाहेर काढली.

"हे दरवर्षी चाळावं लागतं म्हणे?"

"लागतं, आबा," वानर म्हणाला. "चार दिवस. फुटकी काढायची, चांगली घालायची."

"मग ते कच्चंच म्हणायचं. माझं बघ. शंभर वर्षं झाली, एकदा तरी चाळलं का?"

"आबा, तुमचं तुमच्या हाडांचं आहे. चौकीला कुठली हाडं?"

"उलट बोलू नकोस. लहान आहेस."

वानराला तीन नातवंडं होती. पण आबांसमोर सगळेच लहान. हा आबांचा सगळ्यात जुना युक्तिवाद होता आणि त्याला अजून कोणी उत्तर शोधलं नव्हतं.

शेवटी पत्रा दोन दगडांवर टेकवून उन्हात ठेवला. आबा त्याच्याखाली जाऊन बसले. पौषातली सकाळ, दवाने भिजलेली जमीन. घटकाभरात पत्रा तापला आणि आबांचे चारही पाय ढालीबाहेर आले. शेपटीसुद्धा आली.

"आहाहा," आबा म्हणाले. "काय ऊब आहे. आत्या, येऊन बघा."

मगरआत्या येऊन पडल्या. त्यांचा जबडा आपोआप उघडला. "हाडं शेकली बाई," त्या म्हणाल्या.

मुलांनो, कासव आणि मगर ही थंड रक्ताची मंडळी. ऊन खाल्ल्याशिवाय त्यांची मानही हलत नाही. त्यांना पत्रा आवडला यात त्यांचं काही चुकलं नाही. चुकलं ते हे, की पत्र्याखाली त्यांना राहायचं नव्हतं.

टिटवी पुढे झाली.

"आबा, पौषात एवढी ऊब, तर वैशाखात काय होईल?"

"वैशाखाचं वैशाखात बघू."

"वैशाखात आत माझी अंडी असतील."

"मग चांगलंच की पोरी. अंड्यांना ऊबच लागते ना? उबवणघर काय उगाच म्हणतात?"

समिती हसली. गवाकाका तर इतके हसले की खुर आपटले.

"तू आजवर किती पिल्लं उबवलीस, ते तरी सांग," आबा म्हणाले.

"एकही नाही," टिटवी म्हणाली, आणि गवाकाकांकडे बघत राहिली.

गवाकाकांना तेवढ्यात दूरवर काहीतरी दिसलं.

ठराव झाला. कौलं उतरली, पत्रे चढले. समारंभाला आबांनी अडीच तास भाषण केलं, त्यातला पाऊण तास 'आमच्या काळी' होता. पत्रा असा चमकत होता की दोन पोपट आपटून पडले. "पलीकडच्या जंगलातून दिसतं," आबा कौतुकाने म्हणाले. उतरवलेली कौलं तळ्याकाठी रचून ठेवली.

चैत्र उजाडला. टिटवीने आपल्या कोपऱ्यात चार अंडी घातली. मातकट, ठिपक्यांची, टोकं आत वळवून ठेवलेली. तोवर सकाळची जमीन गार लागत होती. पंधरवड्यात पत्रा खरा तापायला लागला. तितरांच्या दोन जोड्या आल्या, दारातूनच आत डोकावल्या आणि परत गेल्या. टिटवीलाही जाता आलं असतं. अंड्यांना आलं नसतं.

मग तिने आईने दाखवलेलं एक काम सुरू केलं. तळ्यावर जायचं, पोटाची पिसं ओली करायची, धावत परत यायचं आणि अंड्यांवर बसायचं. पिसं वाळली की पुन्हा तळ्यावर. दिवसभर. तळं रोज थोडं मागे सरकत होतं.

तळ्याकाठी आबा असत. उन्हाचा आता त्यांनाही त्रास होऊ लागला होता. त्यांनी रचलेल्या कौलांतली वीसेक दोन दगडांवर आडवी लावून घेतली होती आणि ते त्या सावलीत झोपत.

"गार वाटतं हो," ते मगरआत्यांना सांगत. "शेवटी जुनं ते सोनं."

टिटवीने हे ऐकलं. ती ओल्या पोटाने तिथेच थांबली.

"आबा, ही कौलं परत चढवू द्या. वानर चार दिवसांत चढवेल."

"ठराव झालाय, पोरी."

"मग ठराव बदला."

"ठराव असे बदलायला लागलो तर आमची काय किंमत राहिली?" आबा म्हणाले, आणि मान आत ओढून घेतली. कासवाशी बोलण्यात हीच अडचण असते. बोलणं कधी संपलं, हे तोच ठरवतो.

वानराने मग न विचारता एक काम केलं. दिवसभर गवत कापून पत्र्यावर पसरलं आणि त्यावर पाणी मारलं. चौकी गार झाली. तीन दिवस टिटवी एकदाही तळ्यावर गेली नाही. तिसऱ्या संध्याकाळी तिने वानराला आत बोलावलं.

"हे ऐक."

वानराने कान लावला. एका अंड्यातून टकटक येत होती.

"उद्या-परवा फुटेल," तो म्हणाला. "चोच चांगली आहे हं तुझ्या पोराची."

"पोरगी असेल," टिटवी म्हणाली. "आतून भांडतेय."

चौथ्या सकाळी गवाकाका त्या वाटेने आले. त्यांनी मान उंचावली आणि अख्खं छप्पर तपासलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"गवत टिकत नाही. मी आधीच म्हणालो होतो," ते जाताना म्हणाले.

वानर नवं गवत आणायला पळाला. जवळपासचं सगळं कळपाने खाल्लं होतं, म्हणून लांब जावं लागलं. टिटवीने दुपार चढेपर्यंत पंख पसरून सावली धरली. मग तिची चोच उघडी पडली आणि ती तळ्याकडे निघाली. पाणी आता चिखलापलीकडे होतं. जाऊन यायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला.

परत आली तेव्हा टकटक थांबली होती.

वानर भारा घेऊन आला. त्याने भारा दारातच टाकला. आत येऊन त्याने एकेक अंडं बोटाने वाजवून बघितलं, जशी कौलं बघायचा तशी.

चारही भद्द वाजली.

टिटवी तळ्यावर गेली आणि आबांच्या कौलांवर उभी राहून ओरडायला लागली. टिटवीचा आवाज तुम्ही ऐकला असेल. तो सहन होण्यासारखा नसतो.

आबांची मान बाहेर आली.

"कोण ते, ऐन दुपारचं?"

"चारही गेली, आबा."

"कशी काय? छप्पर तर नवं आहे."

"पत्र्याने भाजली."

"तू कुठे होतीस?"

"इथेच. पाण्यावर."

"म्हणजे आई जागेवर नव्हती," आबा म्हणाले. "आत्या, लक्षात ठेवा. अहवालात घ्यायचंय."

"आजकालच्या पोरींचा पाय घरात ठरतच नाही," मगरआत्या म्हणाल्या.

अहवाल तिथेच तयार झाला. आई जागेवर नव्हती. वानराने छपरावर विनापरवाना गवत टाकलं होतं. पत्र्यात दोष आढळला नाही; पुढच्या वर्षी भिंतींनाही पत्रा मारावा. तेवढ्यात येऊन पोचलेल्या गवाकाकांनी अनुमोदन दिलं. त्यांचं तोंड भरलेलं होतं, चौकीच्या दारातल्या भाऱ्याने.

टिटवी ऊन उतरेपर्यंत ओरडत होती. आबांनी तीनदा कूस बदलायचा प्रयत्न केला, पण कासवाला कूस बदलता येत नाही. त्या दुपारी त्यांना झोप काही लागलीच नाही. या सगळ्या प्रकरणात आबांचं जे काही गेलं, ते एवढंच. एका दुपारची झोप.

तात्पर्य: ज्याला छप्पर लागत नाही, त्यालाच छप्पर निवडू द्यावं, कारण तो निःपक्षपाती असतो. आणि मुलांनो, दुपारी मोठ्याने रडू नये. वडीलधारी माणसं झोपलेली असतात.